‘ठरलं’ की ‘ठरवलं’?

मंडळी, ‘ठरणे’ या एका क्रियापदावर बोलायचं आहे. निमित्त दुधाचं आहे.

परवा रविवारी करवीर तालुक्यात आत्तीच्या गावी होतो. सकाळी तिची किटली घेऊन मीच डेअरीत गेलो, ती मागनं आली. दूध काट्यावर ओतलं, पोरानं थोडा नमुना मशीनच्या नळीखाली धरला, लाल आकडे उमटले. आत्तीला ते दिसत नाहीत. तिनं विचारलं, “फॅट किती लागली रं?”

“पाच तीन.”

“काल सहा दोन हुती. म्हस तीच, वैरण तीच, मग?”

“मशीनीत तसं ठरतंय आत्ती. मी काय करू?”

आत्तीनं चिठ्ठी घडी करून कनवटीला लावली आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या पोराचा मला राग नाही, तो खोटं बोलत नव्हता. राग आला तो ‘ठरतंय’चा. त्या शब्दानं आत्तीचा प्रश्नच मिटवून टाकला. ‘कुणी ठरवलं?’ असं विचारायला समोर कुणी उरलंच नाही.

मुळात ‘ठरणे’ म्हणजे थांबणे, स्थिर होणे. हिंदीतल्या ‘ठहरना’चं हे भावंड. तो अर्थ आपल्याकडं अजून जिवंत आहे: घरात पाय ठरत नाही, उन्हात नजर ठरत नाही, आजाऱ्याच्या पोटात पाणी ठरत नाही. हलणारी गोष्ट जागेवर आली की ती ठरली. दर ठरतो, लग्न ठरतं, मुहूर्त ठरतो, तेही याच अर्थानं. म्हणजे ‘ठरलं’ म्हणायच्या आधी बोलणी असतात, घासाघीस असते, कुणीतरी रुसून उठलेलं असतं.

डेअरीतही तसंच होतं. मशीन यायच्या आधी गर्बर पद्धत होती. काचेच्या नळीत सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर दूध, थोडं अमाईल अल्कोहोल, आणि बूच लावून यंत्रात गरगर फिरवायचं. स्निग्धांश नळीच्या निमुळत्या गळ्यात चढून पिवळसर थर धरायचा, आणि तिथल्या रेघांवर फॅट वाचायची. ती डोळ्यांदेखत ठरायची, अगदी शब्दाच्या जुन्या अर्थानं. आत्तीच्या पिढीनं नळी उजेडाकडं धरून ‘आणि एक रेघ हाय की वर’ म्हणून भांडणं केलीत. मशीननं ॲसिडचा धोका गेला, रांग लवकर सरते, हे मला मान्य आहे. पण नमुना नीट ढवळला नसला किंवा मशीनची जुळणी हुकली असली तरी आकडा तेवढ्याच ठामपणे उमटतो, आणि म्हशीच्या दुधाचा पैसा फॅट आणि एसएनएफवरच (फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग) निघतो.

आता आपल्या जिल्ह्याचा खास शब्द: ठराव. इतरत्र ठराव मांडतात, मंजूर करतात, आणि तो वहीत राहतो. कोल्हापुरात ठराव चालतो, बोलतो, जेवायला येतो. गोकुळ म्हणजे आपल्या जिल्ह्याचा सहकारी दूध संघ. त्याच्या निवडणुकीत मत असतं गावच्या दूध संस्थेचं. संस्था ठराव करून एकाचं नाव कळवते आणि तो माणूस मत टाकतो. कागदावर तो ‘ठरावधारक’, पण चौकात असं कोण म्हणतं? ‘गावचा ठराव कुणाच्या नावावर हाय?’ ‘त्यांच्याकडं किती ठराव हाईत?’ ‘ठराव सहलीला गेल्यात.’ २०२१ च्या निवडणुकीत साडेतीन हजारांवर ठराव होते, २१ संचालक निवडायचे होते, आणि जिल्ह्याचं निम्मं राजकारण त्याभोवती. सगळ्या सभासदांनी मिळून ठरवायची गोष्ट एका माणसाचं नाव होऊन बसली, हा शब्दाचा प्रवास मला विलक्षण वाटतो आणि त्याचं वाईटही वाटतं. आत्ती तीस वर्षं सभासद आहे. गेल्या वेळचा ठराव कुणाच्या नावानं झाला, हे तिला शेजारणीकडून कळलं.

२०१९ च्या लोकसभेला काँग्रेसच्या सतेज पाटलांची ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा गाजली. तिचं व्याकरण बघा. आमचं काय? नाम नाहीच. ‘पोरीचं ठरलंय’ म्हटलं की लग्न कळतं, तसं इथं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं, आणि अख्ख्या जिल्ह्यानं समजून घेतलं. पाटलांच्याच आघाडीचे उमेदवार धनंजय महाडिक पडले, समोरचे शिवसेनेचे संजय मंडलिक निवडून आले. घोषणा म्हणून तिला तोड नाही. तिथं निदान ‘आमचं’ तरी आहे, कुणाचं ठरलंय ते उघड आहे.

शेजारच्या काकींना मोबाईलवर आलेला निरोप मात्र असा: ‘आपला अर्ज अपात्र ठरला आहे.’ कुणी ठरवला, कशावरून, विचारायचं कुठं, काही नाही. १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल दिला, तेव्हा तो पटो न पटो, निकाल देणारा माणूस समोर होता. बिंदू चौकात लोक तावातावानं बोलत होते. काकींनी कुणाशी बोलायचं? २६ जुलै १९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम आठवा. संस्थानच्या नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी महाराजांनी राखून ठेवल्या, असंच आपण आजही म्हणतो. ‘राखीव ठरल्या’ असं कुणाच्या तोंडी येत नाही.

संध्याकाळची भर: दोघांनी लिहिलंय की कर्ता गाळायची सोय मराठीत जुनीच आहे, ‘कप फुटला’, ‘दूध सांडलं’. बरोबर आहे. पण ‘कप फुटला’ ऐकलं की आई लगेच विचारते, “कुणी फोडला?” ‘अर्ज अपात्र ठरला’वर आपण तसं विचारत नाही. कपासाठी विचारतो ते अर्जासाठी का विचारत नाही, याचं उत्तर मला व्याकरणात सापडलेलं नाही.

आत्तीचा फोन आला होता. आज तिनं पोराला बादलीतलं दूध खालवर ढवळून पुन्हा नमुना घ्यायला लावला. पाच आठ लागली. पोरगा स्वतःच म्हणाला, “रविवारी मीच नीट ढवळलं नव्हतं.” ‘मीच’ म्हणाला, हे आत्तीनं मला दोनदा सांगितलं.

आता ‘लागली’कडं वळू. निकाल लागतो, ठेच लागते, लॉटरी लागते, आणि आमच्याकडं फॅटही लागते. सांगली, सातारा, सोलापूरकडं फॅट लागते, बसते की येते? डेअरीत रोज दूध घालणाऱ्या कुणाला तरी विचारून सांगा, ऐकीव नको.