.२५७ रॉबर्ट्‌सच्या पुंगळ्या इम्प्रूव्हडसाठी फायर-फॉर्म करायच्या आहेत, कोणती पद्धत निवडावी?

लक्ष्यवेध
नमस्कार मंडळी. माझ्या बोल्ट-ॲक्शन रायफलचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) परवानाधारक गनस्मिथकडून .२५७ रॉबर्ट्‌स ॲकली इम्प्रूव्हडचं (त्याच काडतुसाचा बदललेल्या आकाराचा प्रकार) करून घेतोय. काम अजून सुरू झालेलं नाही. रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) पुन्हा भरणं, मी बऱ्याच काळापासून करतो, पण फायर-फॉर्मिंग, म्हणजे पुंगळी नव्या चेंबरमध्ये झाडून त्याच्या आकाराची करणं, कधी केलेलं नाही. तीन मार्ग वाचनात आले: मूळ काडतूस सरळ नव्या चेंबरमधून झाडायचं, गोळीऐवजी धान्याचा रवा भरायचा, किंवा पाण्याच्या दाबाची डाय (साचा) वापरायची. पितळ जास्तीत जास्त टिकावं एवढीच इच्छा आहे. कोणता मार्ग घ्यावा?

पितळकाम
पद्धत नंतर ठरवू. तुमचं काम सुरू झालेलं नाही हे फार बरं झालं, कारण पितळ टिकणार की नाही हे गनस्मिथच्या लेथवरच ठरतं.

मूळ रॉबर्ट्‌सचा खांदा (अंगापासून मानेकडे निमुळता होणारा भाग) साधारण पावणेएकवीस अंशांचा, ॲकलीचा ४० अंशांचा, आणि अंगाचा उतारही जवळजवळ काढून टाकलेला. म्हणजे मूळ काडतूस नव्या चेंबरमध्ये घातलं की त्याच्या खांद्याभोवती सगळीकडे मोकळी जागा. टेकायला उरते फक्त मान आणि खांदा मिळतात ती कड. ती कड घट्ट टेकली पाहिजे. म्हणून पारंपरिक ॲकली चेंबरचा हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मूळ गो गेजपेक्षा (ज्यावर बोल्ट बंद व्हायला हवा त्या मापकापेक्षा) ०.००४ इंच कमी ठेवतात. मूळ काडतुसाचा गो गेज या चेंबरला नो-गो, म्हणजे ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये असं मापक, म्हणून चालतो. बोल्ट बंद करताना शेवटच्या वळणाला किंचित जोर लागला, तर बसणी बरोबर आहे.

हे साधायचं तर नळी मागे घेऊन, साधारणपणे एक आटा, मगच रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) चालवावा लागतो. जुन्याच चेंबरमध्ये नुसता रीमर फिरवून देणारे लोक आहेत. तसं होऊ देऊ नका. नळी मागे घेणार का आणि शेवटी कोणत्या गेजने तपासणार, हे आधी विचारून घ्या.

बसणी सैल राहिली तर काय होतं? पिनचा ठोका बसला की पुंगळी पुढे सरकते. दाब चढला की पुढची पातळ भिंत चेंबरला आधी चिकटते. बूड जाड असतं, ते चिकटत नाही, मागे बोल्टकडे रेटलं जातं. मधलं पितळ ताणून पातळ होतं, आणि ते होतं बुडाच्या थोडंसं वर, आतल्या बाजूने. बाहेरून फार तर एक चकचकीत कडं दिसतं. अशी पुंगळी पुढच्या एखाद्या बारला तिथेच तुटते आणि गरम वायू ॲक्शनमध्ये मागे येतो. पहिल्याच बाराला ताणलेलं पितळ पुन्हा जाड होत नाही.

बसणी बरोबर असेल तर सरळ मूळ काडतूस झाडणं हा सगळ्यात साधा मार्ग, आणि मी तोच सुचवीन. त्या बारांवर सरावही होतो, वेग थोडा कमी मिळतो एवढंच.

ऋजुता
पितळकाम यांच्याशी पूर्ण सहमत. एक भर घालते. रॉबर्ट्‌स मुळात ७×५७ माउझरचीच मान बारीक करून झालेलं काडतूस आहे, रेमिंग्टनने ते १९३४ मध्ये बाजारात आणलं. त्यामुळे तुम्हाला एक फायदा आयताच मिळतो. ७×५७ ची पुंगळी .२५७ च्या डायमध्ये पूर्ण न दाबता थोडी थोडी खाली घ्यायची आणि दर वेळी रायफलमध्ये घालून बघायची. बोल्ट जेमतेम जोराने बंद झाला की थांबायचं. मानेच्या तळाशी जो जाड भाग उरतो तो खोटा खांदा. पुंगळी त्यावर टेकते, पुढे सरकत नाही. चेंबर किंचित सैल असलं तरी यात निभावतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. मान बारीक करताना तिची भिंत जाड होते, म्हणून गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास मोजा आणि चेंबरच्या मानेपेक्षा तो लहान असल्याची खात्री करा. मान गोळी सोडू शकली नाही तर दाब धोकादायक चढतो. दुसरं, बुडावर शिक्का ७×५७ चा राहणार. या पुंगळ्यांचा डबा वेगळा ठेवा, त्यावर ठळक लिहा.

लक्ष्यवेध
हे फारच उपयोगी. गनस्मिथशी बोललो, नळी मागे घेऊनच करणार आहेत. मग रव्याची पद्धत बादच समजू का? नळी झिजत नाही, गोळ्याही वाचतात म्हणतात.

पितळकाम
गोळ्या वाचतात हे खरं. पण त्यात जलद जळणारी पिस्तुलाची पावडर असते, वर नुसता भराव, आणि तो किती दाबला गेला यावर दाब बदलतो. छापील, तपासलेली मापं सहसा मिळत नाहीत, इंटरनेटवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय गोळी नाही म्हणून लोक बेफिकीर होतात. तो भराव जवळून माणसाला गंभीर इजा करतो. मी कोणालाही इथे माप सांगणार नाही.

अरुंधती_क
हायड्रॉलिक डायबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पुंगळीत पाणी भरून वरून दट्ट्या हातोडीने ठोकायचा, पितळ डायच्या आकारात फुगतं. ना पावडर, ना आवाज, बूड ताणलं जाण्याचा प्रश्नच नाही. खांद्याची कड अगदी तीक्ष्ण येत नाही, ती पहिल्या खऱ्या बाराला पूर्ण होते. ज्यांना बार करायला सहज जागा मिळत नाही त्यांच्यासाठी उत्तम. आधी वापरलेला प्रायमर तसाच राहू द्या, नाहीतर पाणी खालून निघून जाईल.

नेम_धर
पुंगळीला बाहेरून तेल लावून झाडली की ती चिकटत नाही, पूर्ण मागे सरकते, बूड ताणलं जात नाही, असं एकाने सांगितलं होतं. करावं का?

पितळकाम
ताण कमी होतो, पण भिंतीची पकड गेल्याने तो सगळा जोर बोल्टच्या लग्जवर (बोल्ट जागी अडकवणाऱ्या खुंट्यांवर) येतो. बसणी बरोबर असेल तर तेलाची गरजच नाही, आणि बसणी चुकली असेल तर बसणी दुरुस्त करा. चेंबर आणि पुंगळी कोरडीच ठेवा.

ऋजुता
लक्ष्यवेध, वेगाबद्दल फार मोठी अपेक्षा ठेवू नका. आतली जागा जितके टक्के वाढते त्याच्या साधारण पाव टक्के वेग वाढतो, दाब तोच ठेवला तर. जागा ८ टक्के वाढली तर वेग २ टक्के. याहून मोठे जे दावे असतात ते बहुतेक जास्त दाबाचे असतात. पुंगळी कमी लांबते, छाटणी कमी करावी लागते, हा मला खरा लाभ वाटतो.

लक्ष्यवेध
तर मग ७×५७ आणि खोटा खांदा. माझ्याकडच्या काही पुंगळ्या चार-पाच वेळा वापरलेल्या आहेत, त्या चालतील? आणि छाटणी आधी की नंतर?

पितळकाम
छाटणी नंतर. फॉर्म होताना पितळ बाजूला जातं, पुंगळी आखूड होते. आधी छाटलीत तर मान तोकडी पडेल.

जुन्या पुंगळ्या आधी आतून तपासा. ताठ तारेचं टोक वाकवून अणकुचीदार करा आणि आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर फिरवा. खाच जाणवली की ती पुंगळी बाद. शंका आली तर एक उभी कापून बघा. ज्या ठीक असतील त्यांची मान आणि खांदा ॲनील करा, म्हणजे तापवून मऊ करा, कारण ताठरलेलं पितळ ४० अंशांवर वळताना चिरतं. उष्णता बुडापर्यंत जाऊ देऊ नका, मऊ पडलेलं बूड दाब झेलत नाही.

आणि फॉर्म झालेल्या पुंगळ्या परत मूळ रॉबर्ट्‌सच्या डायमध्ये घालू नका. साइझिंग डाय (वापरलेली पुंगळी परत मापात आणायचा साचा) इम्प्रूव्हडचीच मागवा, रीमर ज्या मापाचा असेल त्याच मापाची.