मदत हवी आहे : किडनी ट्रान्सप्लांटचा खर्च नक्की कुठे जातो?

नमस्कार मंडळी. आम्ही ऐरोलीत राहतो. दादाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. वहिनी किडनी द्यायला तयार आहे, पण तिचा रक्तगट बी आणि दादाचा ओ. त्यामुळे आधी दादाच्या रक्तातला प्लाझ्मा (पातळ भाग) काढून, वहिनीच्या किडनीवर हल्ला करतील अशा अँटिबॉडीज कमी कराव्या लागतील, त्या पुन्हा तयार होऊ नयेत म्हणून रितुक्सिमॅबचं इंजेक्शनही द्यावं लागेल म्हणे. हॉस्पिटलने पॅकेज सांगितलं ८ लाख, आणि रक्तगट जुळत नाही म्हणून वर साधारण ५ लाख. म्हणजे ऑपरेशनपेक्षा आधीच्या तयारीचंच टेन्शन!

पॅकेजच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय की क्रॉसमॅच (दोघांचं रक्त जुळवून बघायची टेस्ट), डोनरच्या तपासण्या आणि ठरल्यापेक्षा जास्त दिवस आयसीयूत गेले तर त्याचं बिल वेगळं. मग पॅकेज कसलं, देव जाणे.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, शेवटी बिल किती फुगलं? शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या, त्यांचा महिन्याचा खर्च किती येतो? वहिनीच्या अ‍ॅडमिशनचे पैसे दादाच्या मेडिक्लेममधून मिळाले का कुणाला? धर्मादाय हॉस्पिटलात गरीब आणि दुर्बल घटकांसाठी १०-१० टक्के खाटा राखीव असतात, पण दादाचं उत्पन्न त्यात बसेलसं वाटत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी ठाणे-नवी मुंबईतून कुणी अर्ज केलाय का? कागदपत्रं कोणती लागली?

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचाही विचार चालू आहे. तिथला अनुभव असेल तर प्लीज लिहा. वहिनी रोज विचारते, "भावोजी, काय ठरलं?"