मातीच्या ट्रॅकवर संध्याकाळी सर्वांत जलद असलेली गाडी रात्री मागे का पडते?

आयोवावासी:
नमस्कार. नोकरीनिमित्त मी आयोवा राज्यातील डे मॉइन येथे राहतो. येथून पाऊण तासाच्या अंतरावरील नॉक्सव्हिल गावात १९६१ सालापासून दर ऑगस्टमध्ये स्प्रिंट कारच्या, म्हणजे मातीवर धावणाऱ्या हलक्या पण प्रचंड ताकदीच्या गाड्यांच्या, मोठ्या शर्यती भरतात. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या आग्रहाखातर त्या पाहिल्या. संध्याकाळी वेळ नोंदवण्यासाठी एकेक गाडी सुटली, तेव्हा अर्ध्या मैलाचा तो अंडाकृती ट्रॅक काळाभोर आणि ओलसर होता. चाकांखालून ढेकळे उडत होती आणि त्यांतले एक शेजारच्या आजोबांच्या बिअरच्या ग्लासात पडले. त्यांनी ते बोटाने शांतपणे काढून टाकले. रात्री मुख्य शर्यतीच्या वेळी मात्र तोच ट्रॅक घासूनपुसून गुळगुळीत झालेल्या शहाबादी फरशीसारखा चकाकत होता, आणि संध्याकाळी सर्वांत जलद ठरलेला चालक पहिल्या दहातही दिसेना. शिवाय काही गाड्या आतली जवळची वाट सोडून बाहेरच्या भिंतीला खेटून धावत होत्या आणि तरीही पुढे जात होत्या. क्रिकेटची खेळपट्टी पाच दिवसांत बदलते हे ठाऊक आहे, पण येथे तीन-चार तासांत एवढा फरक कशामुळे पडतो?

काळी_माती:
माझे शिक्षण मृदाशास्त्राचे असल्यामुळे मातीपुरते लिहितो. आपल्याकडचा शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, तीच अवस्था ट्रॅक तयार करणाऱ्यालाही हवी असते. चिकणमातीच्या बारीक कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असला की तो त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो. अशा मातीत टायरच्या खाचा रुततात आणि तरीही ती फाटत नाही. पाणी त्याहून वाढले की तेच वंगणासारखे काम करते आणि चिखल होतो, तर फार कमी झाले की कण सुटे होऊन धुरळा उडतो.

त्यामुळे शर्यतीच्या आधी ट्रॅक उकरला जातो, त्यावर टँकरने पाणी मारले जाते, ते खोलवर मुरू दिले जाते आणि मग रोलर फिरवला जातो. नुसते वरवर पाणी शिंपडणे हा आळशी माणसाचा उपाय आहे, कारण त्याने माथा निसरडा होतो आणि पोट कोरडे राहते. शर्यती सुरू होण्यापूर्वी काही गाड्या संथपणे फिरवून ओली माती दाबून घेतात, तीही याच तयारीचा भाग आहे.

यानंतर मात्र ट्रॅक घडवण्याचे आणि बिघडवण्याचे काम शर्यतीच्या गाड्याच करतात. प्रत्येक फेरीत टायर वरची ओली माती खरवडून बाहेरच्या बाजूला फेकतात, ऊन आणि वारा उरलेला ओलावा शोषतात, आणि खाली उरलेला कडक थर चाकांच्या घर्षणाने घोटला जाऊन चकाकू लागतो. आपण पाहिलेली फरशी ती हीच. बाहेर फेकलेली माती मात्र वाया जात नाही. ती वरच्या कडेला साचते आणि तिचा बांध तयार होतो, ज्याला तेथे कुशन म्हणतात. चालक उजवे मागचे चाक त्या बांधाला टेकवतो आणि त्याच्या आधाराने वेग न सोडता वळतो. वाट लांबची असली तरी पकड तेथेच उरलेली असते. पण चाक बांधापलीकडे गेले, तर पुढे फक्त भिंत असते.

पिटातला_पाहुणा:
वरील प्रतिसाद उत्तम आहे. इंडियानात असताना मी दोन मोसम एका छोट्या संघाकडे हौसेखातर टायरचे काम केले, त्यामुळे गाडीच्या बाजूचे थोडे सांगतो.

स्प्रिंट कारला गिअरबॉक्स नसतो आणि मागच्या आसात डिफरन्शियलही नसतो, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. तरीही गाडी डावीकडे वळावी म्हणून उजवे चाक मुद्दाम मोठे घेतात; दोन्हींच्या परिघांतील फरक दहा-बारा इंचांचा किंवा त्याहूनही जास्त असतो आणि त्याला स्टॅगर म्हणतात. ओल्या, घट्ट मातीत जास्त स्टॅगर चालतो, कारण पकड इतकी असते की गाडी सरळच जाऊ पाहते आणि तिला वळवावे लागते. गुळगुळीत ट्रॅकवर तोच स्टॅगर वळणातून बाहेर पडताना गाडीला गरगरवतो, म्हणून तो कमी करतात. माझे निम्मे आयुष्य परीघ मोजायला हवा भरलेल्या टायरभोवती टेप गुंडाळण्यात गेले, असे म्हटले तरी चालेल.

गाडीच्या डोक्यावरची मोठी विंग, म्हणजे हवेच्या दाबाने गाडी खाली रेटणारा पंख, चालक बसल्या जागेवरून पुढेमागे सरकवू शकतो. ट्रॅक निसटू लागला की तो ती मागे नेतो, म्हणजे मागच्या चाकांवर दाब वाढतो. सुमारे ९०० अश्वशक्तीच्या आणि अवघ्या सहा-सातशे किलोच्या गाडीत त्या वेळी पायाला आवर घालणे हेच खरे कौशल्य ठरते. चाक मातीवर नुसते फिरले, की उरलीसुरली पकडही जाते.

संध्याकाळचा जलद चालक रात्री मागे पडण्याची कारणे साधारण दोन असतात. एक म्हणजे त्याला चिठ्ठीत लवकरचा क्रमांक मिळालेला असतो आणि त्याने ट्रॅक ताजा असतानाच वेळ नोंदवलेली असते. चाळीस गाड्या फिरून गेल्यावर तीच वेळ कोणालाही साधत नाही. दुसरे म्हणजे त्याच्या संघाने समोर दिसणाऱ्या ट्रॅकसाठी गाडी बांधली, दोन तासांनी होणाऱ्या ट्रॅकसाठी नाही. आमच्या संघाने एकदा याच्या उलट चूक केली. ट्रॅक शेवटपर्यंत निसरडा राहील असे समजून मऊ टायर लावला, पण आतल्या कडेला टायरांचे झिजलेले रबर मातीवर बसू लागले. तसे झाले की एकच वाट डांबरी रस्त्यासारखी पकड देते, सगळे तिच्यावर ओळीने धावतात, ओव्हरटेकिंग जवळजवळ थांबते आणि टायर खवणीवर नारळ किसावा तसे झिजतात. आमचा चार फेऱ्या बाकी असताना फुटला.

धुरळा:
एक पुरवणी जोडतो. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील ब्रिस्टलच्या काँक्रीट ट्रॅकवर माती टाकून नॅसकार या तिथल्या मोटार शर्यतींच्या संस्थेने आपली शर्यत घेतली. १९७० नंतर तिच्या कप या मुख्य मालिकेची मातीवरची ती पहिलीच शर्यत होती. त्याआधीच्या शनिवारी ओल्या मातीवर पिकअप ट्रकची प्राथमिक फेरी सुरू होताच समोरच्या काचा चिखलाने भरल्या आणि ती लगेच थांबवावी लागली. स्प्रिंट कारला काचच नसते. चालक हेल्मेटवरील पातळ पारदर्शक पट्ट्या एकेक करून फाडत जातो. पावसामुळे मुख्य शर्यत सोमवारी दुपारी झाली, तेव्हा उलट इतकी धूळ उडाली की शर्यत थांबल्यानंतरचा पुनःप्रारंभ एकेरी रांगेत घ्यावा लागला. पुढच्या वर्षी ती शर्यत रात्री ठेवली. उन्हात माती लवकर वाळते, हे मातीवाल्यांना आधीपासून ठाऊक होतेच.

आयोवावासी:
सर्वांचे आभार. आता एकच विचारतो: ट्रॅक पुढे निसरडा होणार की रबर धरणार, हे संघाला आधी कसे कळते?

पिटातला_पाहुणा:
खात्रीने कळत नाही. मुख्य शर्यतीपूर्वी संधी मिळाली, तर चालक आणि मुख्य मेकॅनिक वळणात उतरून बुटाची टाच मातीवर घासून पाहतात. टाचेखालून बारीक भुगा निघाला तर ट्रॅक अजून सुटतो आहे. नुसती चकाकी दिसली तर तो घोटला गेला आहे. आणि तळव्याला काळे चिकटले, तर रबर बसते आहे, म्हणून धावत पिटात, म्हणजे संघांच्या दुरुस्तीच्या जागी, जाऊन कडक टायर चढवायचा. यंदा ऑगस्टमध्ये जाल तेव्हा दुर्बीण घेऊन जा आणि त्या वेळी त्यांच्या पायांकडे पाहा.