यशवंतराव चंद्रचूड: जबलपूरवाले की ओल्गा टेलिसवाले?

कायदेकानू: लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. काल वर्गात भांडण जुंपलं. १९७६ च्या जबलपूर खटल्यात, मिसाखाली (विनाखटला स्थानबद्ध करण्याचा कायदा) डांबलेल्यांना कोर्टात दाद मागता येणार नाही म्हणणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या चौघा न्यायमूर्तींत चंद्रचूड होते. १९८० मध्ये सरन्यायाधीश म्हणून त्यांनीच मिनर्व्हा मिल्स खटल्यात ४२व्या घटनादुरुस्तीची दोन कलमं उडवली. माणूस बदलला की काळ?

गिरगावकर: काळ, दुसरं काय! आणीबाणी गेली, भीती गेली.

फोर्टातला_वकील: गिरगावकर, मे १९८० मध्ये इंदिराबाई परत पंतप्रधान होत्या. ७८ साली बाईंचा पराभव झालेला असताना मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी चंद्रचूडांच्या नेमणुकीला उघड विरोध केला होता, कारण जबलपूर. जनता सरकारने तरी ज्येष्ठताच पाळली. जबलपूरमध्ये न्यायमूर्ती खन्नांचं मात्र एकट्याचं मत विरोधात गेलं आणि ७७ मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. तो हिशेब कुणी फेडला नाही.

कायदेकानू, तुम्ही ओल्गा टेलिस, म्हणजे मुंबईतल्या फुटपाथवाल्यांच्या खटल्याचा निकाल वाचा, पण शेवटून. मी फुटपाथवाल्यांच्या केसेस चालवतो, सवयीने आधी ऑर्डर बघतो. निकाल १० जुलै १९८५ चा, निवृत्तीच्या आदल्या दिवशीचा. रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग, हे तिथलं वाक्य परीक्षेत सगळे लिहितात. खाली ऑर्डर काय? पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या हलवू नका. नंतर हलवा. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी, पण ती आधी मिळालीच पाहिजे अशी अट नाही. पालिका कायद्याचं कलम ३१४, म्हणजे नोटीस न देता अतिक्रमण हटवायचा अधिकार, वैध. तत्त्व टॉवरएवढं, दिलासा ताडपत्रीएवढा.

मीनाताई_ठाणे: वकीलसाहेब, ताडपत्रीही नसती तर? पुढे किती वकिलांनी तेच वाक्य धरून स्टे आणले! तुम्हीही आणले असतील.

फोर्टातला_वकील: आणलेत ताई, नाकारत नाही. पण अशिलाला वाक्य दाखवून घर वाचत नाही, तारीख घ्यावी लागते. माझं म्हणणं एवढंच की चंद्रचूड मिनर्व्हात संसदेला अडवू शकले, कारण तिथे घटना वाचवायची होती. समोर एकटा माणूस आला, कैदी असो की फुटपाथवाला, की प्रशासनाला वाट मोकळी राहिली.

कायदेकानू: मग बच्चनसिंग खटला? फाशीसाठी दुर्मिळातलं दुर्मिळ प्रकरणच हवं, हे त्यांच्याच खंडपीठाने १९८० मध्ये म्हटलं.

फोर्टातला_वकील: म्हटलं. फाशीची शिक्षाही वैध ठरवली. ती ऑर्डरसुद्धा शेवटून वाचा.