जमिनीखालचे पुणे घरच्यांना दाखवताना आलेले अनुभव

पुण्यात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी एखाद्या तरी भुयाराची गोष्ट ऐकलेली असते. कुणाच्या वाड्याच्या तळघरातून थेट शनिवारवाड्यात निघता येत असे, कुणाच्या आजोबांनी पर्वतीला जाणाऱ्या भुयाराचे बुजवलेले तोंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि पाताळेश्वर हे महादेवाचे लेणे पांडवांनी एका रात्रीत कोरले हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून माझे दोन भाचे आणि ७८ वर्षांची आत्या येणार असून त्यांना ही ठिकाणे दाखवावीत, असे फार मनात आहे. घरातील लहानथोरांना घेऊन कुणी अशी भेट आखली असेल, तर वेळ, पायऱ्या, अंधार आणि गोष्ट नेमकी केव्हा सांगितली, याविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोथरूडहून

आमची पहिली चूक वेळेची झाली. मे महिन्यात दुपारी बारा वाजता पाताळेश्वरला पोहोचलो, तेव्हा नंदीमंडपाभोवतीचे अंगण तव्यासारखे तापले होते आणि अनवाणी चालणाऱ्या धाकटीला उचलून घ्यावे लागले. पुढच्या रविवारी मात्र गाडी घरीच ठेवून मेट्रोने संभाजी उद्यान स्थानकावर उतरलो आणि सकाळी लवकरच आत गेलो. वाटेत सासूबाईंनी मुलांना गोष्ट सांगितली होती, की उजाडायच्या आत काम पुरे करायचे असा पांडवांचा पण होता, पण कोंबडा आरवला आणि ते काम तसेच टाकून निघून गेले. आत गेल्यावर धाकटी कशातच रमेना. ती भिंती हाताने चाचपडत राहिली. एका ठिकाणी अर्धवट राहिलेल्या दगडावर छिन्नीचे तिरपे चरे तिच्या बोटांना लागले आणि ती ओरडली, "आजी, इथे कोंबडा आरवला!"

तेथेच बसून मी तिला सांगितले, की हे लेणे आठव्या शतकातील, राष्ट्रकूटांच्या काळातील आहे, आणि ते बांधलेले नसून अखंड काळ्या खडकात वरून खाली खोदत नेलेले आहे, म्हणजे येथे छत आधी तयार झाले आणि जमीन शेवटी. राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत या प्रदेशाचे 'पुण्य' आणि 'पुनक' असे उल्लेख आहेत, हे ऐकून थोरला प्रथमच गप्प झाला. माझे स्पष्ट मत असे आहे, की गोष्ट घरून निघताना सांगावी आणि सनावळी त्या दगडासमोर उभे राहून सांगावी. आधी सनावळी सांगितली, तर मुले भिंतीला हातसुद्धा लावत नाहीत.

सोमवार पेठेतून

त्रिशुंड गणपतीचे देऊळ आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये ते बांधावयास घेतले. मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती, दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा, गाभाऱ्यापाशी संस्कृतबरोबर फारसीतही कोरलेला लेख, हे सारे कोणत्याही दिवशी पाहता येते. मात्र मुलांना ओढ असते ती खालच्या तळघराची, जेथे गोसावी गुरूंची समाधी आहे. त्या तळघरात एरवी पाणी असते आणि गुरुपौर्णिमेला ते उपसून दर्शनासाठी उघडले जाते. मागे एका सहल आखणाऱ्याने आमच्या पाहुण्यांना ऐन डिसेंबरात "तळघर दाखवतो" असे सांगून पैसे घेतले होते, आणि त्यांच्यातील आठ वर्षांचा मुलगा बंद झाकणापाशी रडवेला होऊन उभा राहिला होता. म्हणून कळकळीने सांगते, की गुरुपौर्णिमा साधता येत नसेल, तर मुलांना तळघराचे आमिष दाखवू नका. ज्या वर्षी आम्ही उतरलो, त्या वर्षी पायऱ्या ओल्या आणि बुळबुळीत होत्या, त्यामुळे आईंना मी वरच थांबवले. त्यांनी देवळाच्या ओट्यावर बसून आमच्या येण्याची वाट पाहिली आणि वर आल्यावर प्रत्येकाला वेगवेगळे विचारून खालचे सगळे वर्णन ऐकून घेतले.

सहकारनगरहून

भुयारच पाहायचे, असा नातवाचा हट्ट होता. शनिवारवाड्यातून निघणाऱ्या गुप्त वाटांच्या गोष्टी मी स्वतःच त्याला सांगितल्या असल्यामुळे तो पुरवणे मला भाग होते. मी त्याला कात्रजच्या तलावावर नेले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात या तलावाचे पाणी दगडी बांधणीच्या नळातून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणले गेले. हा नळ जमिनीखालून जातो, माणूस आत उतरून गाळ काढू शकेल एवढा तो उंच आहे, आणि हवा खेळती राहावी म्हणून त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठीची दगडी तोंडे, बांधलेले आहेत. काळा हौद, बदामी हौद ही नावे आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो, ती याच पाण्याने भरणाऱ्या हौदांची आहेत. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचे खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुना जलमार्ग सापडला, तेव्हा साऱ्या शहरात पुन्हा भुयाराचीच चर्चा झाली. (आमच्या पिढीला शाळेत हे कुणीतरी सांगायला हवे होते, असे मनापासून वाटते.) या नळात उतरता येत नाही आणि उतरूही नये, परंतु परतताना एका उच्छ्वासाच्या दगडाला कान लावून नातू बराच वेळ उभा होता, आणि पाणी वाजत नाही म्हणून तो हिरमुसला नाही, याचे मला फार समाधान वाटले.

धागा काढणाऱ्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आत्याला पाताळेश्वरच्या पायऱ्या सावकाश उतरता येतील, असे वाटते. तेथे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच जाऊ. त्रिशुंडाचे तळघर गुरुपौर्णिमेसाठी राखून ठेवले आहे आणि भाच्यांना तसे आजच फोनवर सांगितले आहे. पांडवांची गोष्ट मात्र मी सांगणार नाही. ती आत्याला अधिक चांगली येते.