मदत हवी आहे: पिन पार्वती, सात जण, सामान पाठीवर

ठाण्यातून आम्ही सात जण सप्टेंबरमध्ये हिमाचलमधला पिन पार्वती ट्रेक करतोय, खीरगंगा, मानतलाई करत ५३१९ मीटरची खिंड ओलांडून स्पितीतल्या मुद गावाला उतरायचं. गाइड ठरलाय पण सामान आपापलंच. दर रविवारी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून येऊरला चढतोय, परवा बारा किलोतच वहिनीच्या खांद्यांवर लाल वळ उठले, कमरेचा पट्टा ढिला होता ते घरी आल्यावर कळलं.

मला खरी काळजी जेवणाची आहे. तिथे उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, डाळ शिजता शिजत नाही आणि रॉकेल किंवा गॅस वाया जातो, मग तुम्ही काय नेलं होतं? मेतकूट, दडपे पोहे, सातूचं पीठ एवढंच सुचतंय. आणि ठाण्यात चांगल्या साठ लिटरच्या सॅक भाड्याने कुठे मिळतील? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, माझी पुतणी पहिल्यांदाच येतेय.