मंगलाष्टकं आणि १३५ची मॅन्युअल लेन्स

एकांनी लिहिलंय, ऑटोफोकस नसलेली जुनी १३५ एमएम लेन्स (लांबचं जवळ दाखवणारी) घेऊन लग्नात जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. अर्धंच पटलं. पोरं पळत असतील तर नाद सोडा. पण आपल्या विधींत माणसं एका जागी असतात, आणि पुढं काय होणार ते भटजी मोठ्यानं सांगतात! अंतरपाट धरला की बाजूला उभं राहून नवरीच्या डोळ्यावर फोकस लावायचा, मग फोकसच्या रिंगला हात नाही. शेवटचं ‘सावधान’ झालं की फक्त बटण.

एपीएस-सी बॉडीवर (लहान सेन्सरचा कॅमेरा) चार मीटरवरून एफ २.८ला जेमतेम १० सेंटीमीटर खोलीपर्यंतच शार्प मिळतं, म्हणून मी लेन्सचं छिद्र थोडं बारीक करून एफ ४ ठेवतो. पीकिंगवर (फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणारी सोय) विसंबू नका. ते मुंडावळ्यांच्या मोत्यांवर चमकतं आणि डोळे मऊच राहतात. मॅग्निफाय करून बघा. शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू नको. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) असेल तर फोकल लेंथ, म्हणजे हा १३५चा आकडा, हातानं भरावी लागते.

बारशाला मात्र ही लेन्स घरीच ठेवा. बहुतेक जुन्या १३५ दीड मीटरच्या आत फोकस होत नाहीत, आणि कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरात मागं सरकाल तर थेट मोरीत. जोडपं जोतिबाला निघालं तरी तेच. तिथं रिंगमध्ये शिरलेला गुलाल काढायला लेन्स उघडावी लागते.